विद्येची पुंजी आणि मालकाचा वाटा

यंत्र झिजतें हें प्रत्येक कारखानदार जाणतो. म्हणून तो दरसाल जमाखर्चांत घसारा धरतो आणि जुनें यंत्र निकालांत निघण्यापूर्वींच नव्याची तरतूद करून ठेवतो. परंतु त्या यंत्रापुढें उभ्या असलेल्या माणसाचें कसबही कालांतरानें जुनें होतें, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या वहींत लिहिली जाते. नवें यंत्र आलें कीं कालचा कुशल कारागीर आज अडाणी ठरतो. आणि संसाराच्या भारानें वांकलेल्या, चाळिशी उलटलेल्या त्या माणसानें नवी विद्या शिकावयाची ती कोणाच्या पैशानें, असा प्रश्न उभा राहतो.

मालकानें तो खर्च सोसावा, असें म्हणणें सोपें आहे. मग मालक हात आंखडता कां घेतो? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर ह्यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ ह्या ग्रंथांत ह्याचें मार्मिक विवेचन आहे. एका प्रकारच्या शिक्षणाचा उपयोग त्याच कारखान्यापुरता होतो. दुसऱ्याचा कोठेंही होतो. पहिल्यावर मालक खुशीनें पैसा घालतो. दुसऱ्यावर घालतांना मात्र, शिकलेला माणूस उद्यां शेजाऱ्याकडे गेला तर आपला पैसा पाण्यांत गेला, अशी धास्ती त्याला वाटते. आणि नोकरी सुटल्यावर कामगाराला तारणारें शिक्षण तें हेंच!

ह्या पेचांतून वाट काढण्याचा एक प्रयोग अमेरिकेंत २००१ च्या सुमारास सुरू झाला. प्रौढशिक्षणाचें कार्य करणाऱ्या ‘कौन्सिल फॉर ॲडल्ट अँड एक्स्पीरिएन्शियल लर्निंग’ ह्या संस्थेनें ‘लाइफलाँग लर्निंग अकाउंट’ ह्या नांवाचीं खातीं काढलीं. शिकागोंतील उपाहारगृहें, इंडियाना संस्थानाच्या ईशान्य भागांतील कारखाने आणि सॅन फ्रान्सिस्को येथील आरोग्यसेवा, अशीं तीन क्षेत्रें त्यासाठीं निवडलीं होतीं. भारतांत १९५२ च्या कायद्यानें आलेला प्रॉव्हिडंट फंड ज्यांना परिचित आहे, त्यांना ह्या खात्याची घडण सहज उमगेल. कामगार आपल्या पगारांतून कांहीं रक्कम टाकतो. ठराविक मर्यादेपर्यंत तितकीच रक्कम मालक टाकतो. प्रयोगाच्या काळांत देणग्यांतून तिसरी भरही पडत असे. मात्र ही शिल्लक म्हातारपणासाठीं नसून शिक्षणासाठीं असते. नोकरी बदलली तरी खातें कामगाराचेंच राहतें. आणि कोणतें शिक्षण घ्यावें ह्याविषयीं त्याला जाणत्या सल्लागाराची मदत मिळते.

मालकाची धास्ती ह्यानें समूळ जाते असें नाहीं. परंतु ती सोसण्याजोगी होते. जो स्वतःच्या घामाचा पैसा घालतो, तो शिक्षणाची निवड पारखून करतो. आणि मालकालाही एकट्यानें सारा भार उचलावा लागत नाहीं.

ही पारख नसली तर काय होतें, ह्याचा धडा इंग्लंडनें दिला. तेथें सप्टेंबर २००० मध्यें सरकारनें अशींच खातीं उघडलीं. पहिल्या १० लाख खातेदारांनीं २५ पौंड घातले कीं सरकार १५० पौंड घाली. पुढें इतरांनाही शुल्कांत सवलत होती. परंतु शिकविणारा कोण व कसा, ह्याची पुरेशी छाननी नव्हती. खातेदारांची संख्या २५ लाखांवर गेली, तशी लबाडांचीही चंगळ झाली. न दिलेल्या शिक्षणाचे पैसे उकळले जाऊं लागले, आणि नोव्हेंबर २००१ मध्यें योजना गुंडाळावी लागली. प्रामाणिकपणें शिकूं पाहणाऱ्यांचेंच त्यांत अधिक नुकसान झालें.

फ्रान्सनें ही कल्पना अधिक व्यापक केली. तेथें २०१५ पासून कामगाराचें वैयक्तिक शिक्षणखातें आहे. आरंभीं त्यांत तास जमत, २०१९ पासून युरो जमूं लागले. अर्धवेळ वा अधिक काम करणाऱ्यास वर्षाला ५०० युरो, एकूण ५,००० पर्यंत. अल्पशिक्षितास ८०० युरो, एकूण ८,००० पर्यंत. ह्यासाठीं व इतर धंदेशिक्षणासाठीं मालकांकडून कायद्यानें वर्गणी घेतली जाते. परंतु तेथेंही ठकांनीं दूरध्वनीवरून खातेदारांना गाठलें. डिसेंबर २०२२ मध्यें कायद्यानें अशा आर्जवांना बंदी केली. आणि मे २०२४ पासून खातेदारानेंही खर्चाचा कांहीं भाग, प्रारंभीं १०० युरो, सोसावा असें ठरलें. बेकारांना त्यांतून सूट आहे. आणि मालकानें स्वेच्छेनें भर घातली तर कामगारालाही तो भाग द्यावा लागत नाहीं.

ह्या तिन्ही देशांचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. नुसता पैसा पुरत नाहीं. खातें कामगाराचें हवें, सल्ला जाणत्याचा हवा, आणि शिकविणाऱ्यावर करडी नजर हवी. तरीही एक उणीव उरतेच. दिवसभर राबून घरीं परतलेल्या माणसाच्या खात्यांत पैसे असले तरी पुस्तक उघडण्यास लागणारे तास त्यांत नसतात. फ्रान्समध्येंही कामाच्या वेळांत शिकावयाचें तर मालकाची संमति लागते. तेव्हां मालकाचा खरा वाटा केवळ पैशाचा नव्हे, वेळेचाही आहे; आणि तो वाटा दिल्यावांचून ह्या पुंजीची विद्या होणें कठीण आहे.