बारा जागा

धर्माबाद म्हटलं की लोकांना मिरचीचा बाजार आठवतो. बास्केटबॉल कुणाला आठवणार? पण १९९०च्या सुमारास आम्ही कॉलेजची पोरं तो खेळत होतो, काळ्या मातीवर. पावसाळ्यात चेंडू टप्पाच घेत नसे. म्हणून ड्रिबल कमी, पास जास्त. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शहरातल्या कॉलेजनं चाळीस गुणांनी हरवायचं आणि आम्ही रात्रीच्या गाडीनं परत यायचं, हे ठरलेलं. सगळ्या मराठवाड्याचं विद्यापीठ एकच, औरंगाबादला. संघात जागा बारा. तालुक्याच्या पोरानं आशा धरायची कशाच्या जोरावर?

१७ सप्टेंबर १९९४ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठ लहान, आता खेळही लहान होणार, असं मलाही वाटलं. चुकलोच. आपल्या भागासाठी वेगळ्या बारा जागा झाल्या होत्या! पोरं पहाटे मैदानावर येऊ लागली.

पुढं मी मुलांना शिकवू लागलो. २०००मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले; बास्केटवर चेंडू टाकायला तीस सेकंदांऐवजी चोवीसच मिळू लागले. ही घाई आमच्या पासच्या खेळाला मानवली. त्यानंतरच्या एका वर्षी नांदेडच्या एका तगड्या संघाशी आम्ही हरलो, पण दोनच गुणांनी. आमचा एक मुलगा विद्यापीठाच्या संघात बारावा म्हणून निवडला गेला. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो बाकावरच बसून आला. तिथं मिळालेल्या बनियनला मात्र तो घरात कुणाला हात लावू देत नसे.