लिम्फोमा आणि मुलांची मूत्रपिंडे

मुलाची लघवी एकाएकी कमी झाली, तोंडावर सूज आली, की दोष मूत्रपिंडांतच शोधला जातो. बहुधा ते योग्यही असते. परंतु क्वचित प्रसंगी मूत्रपिंडे मुळात निरोगी असून दुसऱ्याच रोगाची झळ सोसत असतात. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, हा असा एक रोग होय.

त्यातील सर्वांत वेगवान प्रकारांपैकी एक म्हणजे बर्किट लिम्फोमा. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने १९५८ साली युगांडातील मुलांच्या जबड्यांत वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे ही गाठ बहुधा पोटात आढळते. तिच्या पेशी सुमारे २४ तासांत दुप्पट होऊ शकतात. तेव्हा गेल्या आठवड्यापर्यंत पोर अंगणात खेळत होते, असे आई सांगते ते अतिशयोक्तीचे मानू नये.

अशी गाठ कधी मूत्रवाहिनी बाहेरून दाबते, कधी तिच्या पेशी मूत्रपिंडातच ठाण मांडतात. तिसरा प्रकार मात्र विलक्षण आहे. पेशी फुटल्या की त्यांतील पोटॅशियम, फॉस्फेट आणि केंद्रकातील द्रव्ये रक्तात उतरतात. केंद्रकद्रव्यांपासून युरिक आम्ल बनते व त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका बुजवून टाकतात. हे आपोआपही घडते. पण औषधाचा पहिला डोस पडताच असंख्य पेशी एकदम मरतात आणि धोका शिगेला पोचतो. औषध लागू पडले, हाच येथे संकटाचा प्रारंभ! वाढलेले पोटॅशियम तर हृदयच बंद पाडू शकते.

म्हणून औषधाआधी पाणी. शिरेवाटे नेहमीच्या सुमारे दुप्पट द्रव, तोही पोटॅशियमविरहित, देऊन लघवी वाहती ठेवतात आणि पहिल्या काही दिवसांत औषधांची मात्रा सौम्य राखतात. ॲलोप्युरिनॉलने नवे युरिक आम्ल बनण्यास आळा बसतो, साचलेले मात्र हटत नाही. ते काम २००१ पासून वापरात आलेले रासब्युरिकेज करते. बहुतेक सस्तन प्राण्यांत असे विकर उपजतच असते. मनुष्याने ते उत्क्रांतीच्या वाटेवर गमावले. पूर्वी सलाईनमध्ये सोडा सर्रास मिसळीत. त्याने कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसण्याची भीती असल्यामुळे ती रीत मागे पडली.

एवढे करूनही लघवी थांबली, तर डायलिसिस. येथेच पुष्कळ कुटुंबे खचतात. नात्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे वर्षानुवर्षांचे डायलिसिस त्यांनी पाहिलेले असते. मुलाची गोष्ट वेगळी आहे. मृत पेशींचा निचरा होईपर्यंत, बहुधा काही दिवसच, यंत्राचा आधार लागतो. मग मूत्रपिंडे बहुतेक वेळा पुन्हा कामास लागतात, आणि योग्य उपचार मिळालेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांचा हा लिम्फोमाही बरा होतो. मूत्रपिंडे गेली असे समजून मुलाला घरी परत नेणे, याइतका घातक निर्णय नाही.

नजरबादहून बंगळूरची किदवाई कर्करोग संस्था सुमारे १५० किलोमीटरवर आहे. अशा प्रवासापूर्वी पोटॅशियमची तपासणी येथेच करून घ्यावी. निदान होण्याआधी कोणी स्टेरॉइड देत असल्यास त्यांना गाठीची कल्पना द्यावी, कारण त्यानेही पेशी फुटू लागतात. मुलाने शेवटची लघवी केव्हा व किती केली, हेही कागदावर टिपून न्यावे. तेथे पोचताच प्रथम हेच विचारले जाण्याचा संभव आहे.