ग्रीन कार्डाची रांग आणि आपली मुले

(सातारा व सांगली येथील सभासद-विद्यार्थी मेळाव्यांत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांना वाटेल, की साताऱ्या-सांगलीत बसून अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची चर्चा कशासाठी? त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे पुढे वालचंद या नावाने ओळखले जाऊ लागले, १९४७ साली सुरू झाले. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली निघाले. तेथे शिकलेली मुले पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत गेली आणि तेथून अमेरिकेत पोहोचली. त्यांत आपल्या वस्त्यांतील मुले-मुलीही आहेत. इकडे आईवडील फोनवर विचारतात, "बाळा, कार्डाचे काय झाले?" आणि तिकडून वर्षानुवर्षे एकच उत्तर येते, "अजून तारीख आली नाही." ही तारीख म्हणजे काय आणि ती का येत नाही, हे आज आम्ही सांगणार आहोत.

पोटासाठी गाव सोडणे आपल्या जिल्ह्यांना नवे नाही. माण-खटावची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, विटा-आटपाडीकडचे गलाई बांधव सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगले. वाट पाहणेही आपल्याला नवे नाही. कोयना धरणासाठी घरदार सोडलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी जमिनीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. परंतु त्या वाट पाहण्यात मोर्चा काढता येत होता, धरणे धरता येत होते. परक्या देशात, ज्या मालकाच्या सहीवर आपला मुक्काम अवलंबून आहे त्याच्याच कचेरीत काम करीत वाट पाहणे ही गोष्ट निराळी आहे.

प्रथम इतिहास पाहू. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, ते बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षांची. १९१६ साली ते लंडनला गेले. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, अमेरिकेने कायदा करून आशियाच्या बहुतेक भागांतून येणाऱ्या मजुरांना दार बंद केले. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवले, की हिंदी माणूस गोरा नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाही. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला प्रवेश अवघ्या शंभर जणांना! १९६५ साली वंशावर आधारलेली ही पद्धत मोडीत निघाली. तो काळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याचा होता. त्या लढ्याने जी हवा निर्माण केली तिच्यातच आपल्यासाठी दार उघडले, हे आपण विसरू नये.

आता आजची पद्धत. आपला मुलगा बहुधा एच-वन-बी या तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करतो. त्याची मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षे. कायम राहायचे तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली, मालकाने जाहिराती देऊन दाखवायचे की या जागेसाठी योग्य अमेरिकन कामगार मिळत नाही, आणि कामगार खात्याचा दाखला घ्यायचा. २००५ पासून याला 'पर्म' म्हणतात. दुसरी, मालकाने आय-१४० हा अर्ज भरायचा. तिसरी, उमेदवाराने स्वतः आय-४८५ भरून कार्ड मागायचे. पहिल्या पायरीचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती त्याची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतला नंबर. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते. त्यात आपल्या देशापुढे छापलेली तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली की मगच कार्ड मिळू शकते.

अडचण येथेच आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार कार्डे ठरवली. त्यांत एका देशाला सात टक्के, म्हणजे सुमारे ९,८०० हा सर्वसाधारण वाटा. आपली बहुतेक मुले दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीत असतात, आणि त्या प्रत्येक श्रेणीत भारताच्या वाट्याला सुमारे २,८०० येतात. त्यातही पत्नी आणि मुले याच आकड्यात मोजली जातात. इतर देशांनी न वापरलेली कार्डे कधी आपल्याकडे वळतात, पण त्याचा भरवसा नसतो. परिणाम असा, की ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारताच्या दुसऱ्या श्रेणीची तारीख १ एप्रिल २०१३ होती. बारा वर्षांपूर्वी रांगेत उभा राहिलेला माणूस तेव्हा दारापाशी येत होता! शिवाय ही तारीख मागेही जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये १ डिसेंबर २०१४ असलेली तारीख पुढच्याच महिन्यात १ एप्रिल २०१२ वर आली.

आइसलँडलाही सात टक्के आणि भारतालाही सात टक्के, ही वरवर समानता दिसते. या नियमाच्या बाजूचे लोक म्हणतात, की मर्यादा काढली तर सारी कार्डे एक-दोन देशच घेऊन जातील. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण एकाच कचेरीत, एकाच कामावर बसलेल्या दोघांपैकी एकाला जन्मस्थानामुळे दोन वर्षे आणि दुसऱ्याला पंधरा वर्षे लागावीत, यास न्याय कसे म्हणावे? जन्मावरून माणसाची जागा ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. येथे जन्मस्थळच मोजले जाते. पुढे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तरी रांग बदलत नाही.

या रांगेचा खरा काच कोठे बसतो? नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास साधारणपणे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नोकरी बदलली तर नव्या मालकाला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात. आईवडील आजारी पडले आणि पासपोर्टवरील शिक्का संपलेला असला, तर परत जाताना वकिलातीची मुलाखत अडेल या भीतीने मुलगा येण्यास कचरतो. २०२१ च्या मे महिन्यात भारतातून प्रवासावर निर्बंध आले तेव्हा अनेकजण इकडेच अडकले. पत्नी शिकलेली असूनही तिला काम करता येत नसे. २०१५ च्या नियमाने काहींच्या पत्नींना ती परवानगी मिळाली. लहानपणी नेलेली मुले एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२ च्या कायद्याने वय मोजण्यात थोडी सवलत दिली, पण ती सर्वांना पुरत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अनेक ठिकाणी वरचा अधिकारीही भारतीयच असतो आणि आडनावावरून, गावावरून जात काढण्याची सवय काहींनी विमानातून सोबत नेलेली असते. ज्याच्या शिफारशीवर आपले कार्ड अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? म्हणून २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली, ही मोठी घटना होय. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियात असाच कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील गव्हर्नरांनी तो नाकारला. म्हणजे रांग लांबते तसा मिंधेपणाही लांबतो, आणि मिंधेपणात माणूस अपमान गिळतो. आमच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे.

यावर उपाय नाही असे नव्हे. २००७ सालचे उदाहरण पाहा. जुलैच्या बुलेटिनने सर्वांना अर्जाची मुभा दिली. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांचे पैसे भरले. आणि २ जुलैला सांगण्यात आले, की कार्डे संपली! तेव्हा भारतीय उमेदवारांनी 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधीगिरीची आठवण ठेवून स्थलांतर खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. खात्याने ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे रवाना केली. सॅन होजे शहरात मोर्चाही निघाला. १७ जुलैला निर्णय फिरला आणि अर्ज घेतले गेले. एकेकट्याने कुढत बसलेल्यांना जे साधले नसते ते एकत्र आल्याने साधले. मात्र मूळ कायदा बदलणे अवघड आहे. देशवार मर्यादा काढण्याचे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचे निराळे रूप संमत केले, पण दोहोंचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले.

विद्यार्थी मित्रांनो, जाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. जरूर जा, शिका, जग पाहा. परंतु माहिती घेऊन जा. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावण्याचा आदेश काढला. तेथील नियम असे एका रात्रीत फिरतात. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, कागदपत्रे. आपल्याकडे घरी जन्मलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीत नसते, किंवा असते ती नावाशिवाय. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरे, असेही होते. नोंद नसल्यास अनुपलब्धतेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे लागतात. ही कामे आईवडील हयात असतानाच उरका. दुसरी, पर्मचा खर्च कायद्याने मालकानेच सोसायचा आहे. तो तुमच्या पगारातून कापू देऊ नका. तिसरी, आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले, की मालकाने नंतर तो मागे घेतला तरी तुमची तारीख सर्वसाधारणपणे तुमचीच राहते. हे माहीत नसल्याने अनेकजण विनाकारण एका खुर्चीला चिकटून राहतात. मंजुरीपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. चौथी, किती वर्षे थांबायचे याची मर्यादा पतीपत्नीने मिळून आधीच ठरवा, आणि इकडचे घर, शेत, नातीगोती तोडू नका. परत येण्याची वाट मोकळी असलेला माणूसच साहेबापुढे ताठ मानेने बोलू शकतो.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. फोनवर रोज कार्डाची चौकशी करू नका. शेजारच्याच्या मुलाला मिळाले, तुला का नाही, असे विचारू नका. त्याची श्रेणी निराळी असेल, तारीख निराळी असेल. रांगेत मागे असणे हा तुमच्या मुलाच्या गुणवत्तेवरचा शेरा नाही. मुलगा कार्डाशिवाय परत आला तर तो हरून आला असे समजू नका. बाबासाहेबही न्यूयॉर्क आणि लंडनहून परतच आले होते, आणि ते परतले म्हणून आपण आज येथे या सभागृहात बसलो आहोत.

आपल्या संस्थेने या कामी जन्मनोंदी आणि दाखले दुरुस्त करून देणारे एक मदत केंद्र सुरू करावे, आणि बाहेर गेलेल्या मुलांनी नव्याने जाणाऱ्यांना पत्राने, फोनने खरी माहिती द्यावी, अशी सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!