गोठ्याशेजारची साबणवडी

साबण ही वस्तू आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोठून येते असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. दुकानातून येते, एवढे उत्तर पुरेसे वाटते. वास्तविक तेल, खार आणि पाणी या तीन पदार्थांपलीकडे साबणाला फारसे काही लागत नाही, आणि या तिन्ही पदार्थांशी शेतकरी घराची ओळख फार जुनी आहे. अलीकडच्या काळात काही छोट्या शेतांवर शेळ्या-म्हशींच्या सांभाळाबरोबर साबण करण्याचा उद्योगही सुरू झालेला दिसतो. हे जीवन दुरून फार रम्य भासते. ते कसे चालते, त्यातून हाती काय लागते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे जवळून पाहण्यासारखे आहे.

मराठी घरांत साबण तसा उशिरा आला. केसांना शिकेकाई आणि रिठे, अंगाला डाळीचे पीठ, लोकरी व रेशमी वस्त्रांना रिठ्याचे पाणी आणि भांड्यांना राख अशी जुनी वाटणी होती. राखेत खार असतो, आणि राखेच्या निवळीत चुनकळी घातली की तो अधिक तीव्र होतो, हे ज्ञान पूर्वीच्या धोब्यांना व रंगाऱ्यांना होते. स्निग्ध पदार्थ आणि खार यांच्या संयोगात नेमके काय घडते, याचा उलगडा मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला; त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे परदेशी साबण आला, तेव्हा त्यात प्राण्यांची चरबी असते या जाणिवेने पुष्कळ घरांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. १९१८ साली गोदरेज कंपनीने वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, त्याला मिळालेल्या स्वागतामागे स्वदेशीच्या भावनेबरोबर हा आचारविचारही होता.

बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतला, मुबलक पावसाचा आणि दाट जंगलाचा प्रदेश. मलप्रभा नदी याच तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावते. भात हे येथील मुख्य पीक. घराभोवती फणस, आंबा, करंज आणि काजू. दोन-तीन एकरांची जमीन, एखादी म्हैस, पाच-सहा शेळ्या आणि काही कोंबड्या एवढ्यावर येथे एका कुटुंबाचा संसार उभा असतो. अशा घरी दिवसाची सुरुवात माणसांच्या सोयीने होत नाही, जनावरांच्या सोयीने होते. पहाटे म्हशीला वैरण टाकायची, गोठा झाडायचा, शेण उकिरड्यावर न्यायचे, मग धार काढायची. शेळ्यांच्या लेंड्या वेगळ्या गोळा करायच्या. कारण भाजीच्या वाफ्यांना ते खत चांगले मानवते. म्हैस भाताचे पिंजर निमूटपणे खाते. शेळीचे तसे नाही. तिला खाली पडलेले, पायदळी तुडवलेले चालत नाही. फणसाच्या, उंबराच्या डहाळ्या उंच टांगून ठेवल्या म्हणजे ती मान वर करून समाधानाने ओरबाडते. तिचे हे नखरे नव्हेत. झाडपाला खाणारा तो प्राणी आहे. जमिनीलगतच्या ओल्या चाऱ्यातून पोटात जंत जाण्याचा धोकाही तिला अधिक असतो.

या मुलखात शेळी सांभाळण्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. शेळीला ओल सोसत नाही. खुरांच्या बेचक्यांत चिखल राहिला की ती लंगडते, छातीला गारठा बसला की खोकते. म्हणून जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांची माची करावी लागते. फळ्यांच्या फटींतून लेंड्या आणि मूत्र खाली पडते व बसण्याची जागा कोरडी राहते. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी लागते, म्हशीला घटसर्पाची. ज्या घरी हा दिवस चुकतो, त्या घरी एखादे सकाळी दावणीला मेलेले जनावर पाहण्याची पाळी येऊ शकते. आणि ते नुकसान वर्षाच्या साऱ्या नफ्याहून मोठे ठरते. जंगल जवळ असल्याने बिबट्याचे भय असते, ते वेगळेच. तेव्हा संध्याकाळी शेळ्या मोजून आत घेणे आणि कडी घालून ती पुन्हा ओढून पाहणे, हे येथे दिवेलागणीइतकेच नेमाचे काम आहे.

शेळी सुमारे दीडशे दिवस गाभण राहते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. करडू उभे राहिले की त्याच्या तोंडी आईचा चीक लवकरात लवकर पडला पाहिजे. जन्मतःच त्याच्या अंगी रोगाशी झुंजण्याची शक्ती नसते; ती चिकातून येते, आणि पहिल्या काही तासांनंतर ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता झपाट्याने कमी होते. दुधाच्या लोभाने करडाला उपाशी ठेवणारा माणूस आपले पुढच्या वर्षाचे भांडवलच खातो. पाटी म्हणजे मादी करडे घरी वाढतात. बोकड मात्र बाजारात जातात. पोरांनी अंगाखांद्यावर खेळवलेला बोकड विकताना घरातल्या बायका दाराआड होतात, हे खरे. पण बोकड विकल्याशिवाय शेळीपालनाचा हिशोब जमत नाही, हेही तितकेच खरे आहे. या धंद्याची गोड चित्रे रंगवणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

शेळीचे दूध थोडे. देशी शेळी चांगल्या दिवसांत साधारण लिटरभर देते, आणि सहा शेळ्यांपैकी एका वेळी दोन-तीनच दुभत्या असतात. घरचा चहा, लहान मूल, एखादा आजारी म्हातारा एवढ्यांची सोय झाल्यावर उरते ते दूध डेअरीवर नेण्याजोगे नसते. कित्येकांना त्याचा वासही आवडत नाही. या उरलेल्या दुधाला वाट म्हणून साबणाचा विचार पुढे येतो.

साबणाची कृती सांगायला सोपी आणि करायला काटेकोर आहे. समजा, अर्धा किलो खोबरेल, तीनशे ग्रॅम शेंगदाणा तेल आणि प्रत्येकी शंभर ग्रॅम एरंडेल व करंजतेल असे एक किलो मिश्रण घेतले, तर त्याला सुमारे दीडशे ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. प्रत्येक तेलाची खाराची भूक निराळी असते. खोबरेल सर्वांत जास्त खार घेते, एरंडेल त्या मानाने कमी. म्हणून हे माप वाटीने अथवा चमच्याने घेता येत नाही. प्रत्येक तेलाचा वेगळा हिशोब मांडून बारीक काट्यावर तोलावे लागते. खार थोडा कमी ठेवला, तर किंचित तेल शिल्लक राहते व वडी मऊ लागते. खार अधिक झाला, तर तीच वडी कातडी जाळते. येथे अंदाजाला जागा नाही.

पाण्याऐवजी दूध वापरायचे, तर आणखी एक अडचण येते. कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच प्रचंड उष्णता निर्माण होते. साध्या दुधात तो टाकला तर दुधातील साखर करपते, रंग विटकरी होतो आणि उग्र दर्प सुटतो. म्हणून दूध आधी गोठवून त्याचे खडे करतात, आणि त्या खड्यांवर सोडा थोडाथोडा सोडीत विरघळवतात. मग हे द्रावण तेलात ओतून घोटत राहायचे. मिश्रण पिठल्यासारखे दाट झाले आणि पळीने टाकलेली रेघ वर दिसू लागली, की ते साच्यात ओततात. दुसऱ्या दिवशी वड्या कापतात. एक किलो तेलाच्या, शंभर ग्रॅमच्या सुमारे बारा वड्या होतात.

हा कॉस्टिक सोडा घरात असणे म्हणजे घरात विंचू पाळण्यासारखे आहे. सोडा पाण्यात अथवा दुधाच्या खड्यांत सोडायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येते. अॅल्युमिनियमचे भांडे तो खाऊन टाकतो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. तेव्हा भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे हवे. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, दार-खिडक्या उघड्या, आणि जवळपास मूल नाही, एवढी सिद्धता झाल्यावरच डबा उघडावा. थेंब अंगावर उडालाच, तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे आणि डोळ्यांत गेला तर धूत धूतच दवाखाना गाठावा. सोड्याचे पांढरे दाणे साखरेसारखे दिसतात. ज्या घरात रांगते मूल आहे, तेथे त्या डब्याला कुलूप नसेल तर साबणाचा विचारच सोडून द्यावा. कारण एक घोट गिळला गेला, तरी अन्ननलिका कायमची निकामी होऊ शकते.

वड्या कापल्या म्हणजे काम संपले असे नाही. तेल आणि खार यांचा संयोग दोन-एक दिवसांत पुरा होतो. पण वडीतील पाणी आटून ती कठीण होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. कच्ची वडी न्हाणीघरात चार दिवसांत विरघळते. घरगुती साबणात संयोगातून निर्माण होणारे ग्लिसरीन तसेच राहते. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळे काढून घेतात. या ग्लिसरीनमुळे वडी सौम्य लागते, आणि त्याच ग्लिसरीनमुळे ती हवेतील ओल ओढून घेते. खानापूरच्या पावसात फळीवर मांडलेल्या वड्यांना घाम फुटतो. तेव्हा हे काम दिवाळीपासून वैशाखापर्यंत उरकावे लागते. आणि नेमका तोच काळ मळणीचा, भाजीपाल्याचा व काजूच्या बियांचा असतो.

आता या साबणाच्या कीर्तीविषयी. बाजारात ‘रसायनविरहित’ अशी चिठ्ठी लावून घरगुती साबण विकला जातो. ही चिठ्ठी खोटी आहे. कॉस्टिक सोड्यावाचून घट्ट साबण होत नाही. माप बरोबर असेल तर तयार वडीत तो मोकळा उरत नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. शेळीच्या दुधाने इसब, खरूज बरी होते असे सांगणारेही भेटतात. साबण मळ काढतो. रोग बरा करणे हे त्याचे काम नव्हे. विहिरीच्या जड पाण्यात हा साबण फेसही कमी देतो आणि बादलीच्या कडेला पांढरा साका धरतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले, तर गिऱ्हाईक टिकते. शिवाय विक्रीसाठी अंगाचा साबण करायचा असेल, तर सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. तो न काढता दुकानात माल ठेवणे म्हणजे एखाद्या तक्रारीसरशी सारा उद्योग बुडवून घेणे होय.

हिशोब मांडू गेल्यास आणखी एक गोष्ट दिसते. बारा वड्यांना दूध लागते ते जेमतेम पावशेर-दीडपावशेर, आणि तेल लागते किलोभर. साबण शेळीच्या नावाने विकला जातो. पण तो होतो तेलाचा. खोबरेल गोव्याकडून विकत येते, सोडा कारखान्यातून येतो. घरचे म्हणावे असे दूध आणि गोळा केलेल्या करंजबियांचे तेल एवढेच. म्हणजे स्वावलंबनाचा जो डौल या उद्योगाला चिकटतो, तो अर्धाच खरा आहे. आणि उरलेल्या अर्ध्यात घरच्या बाईचे कष्ट असतात. धार काढणे, करडांना पाजणे, तोलणे, घोटणे, कापणे, महिनाभर वड्या उलटसुलट करणे, कागदात बांधणे, ही सारी कामे तिची. वहीत तेलाचा भाव लिहिला जातो, सोड्याचा लिहिला जातो. तिच्या दिवसाचा भाव कोठेच लिहिला जात नाही. तो लिहिला म्हणजे पुष्कळ ठिकाणी नफा म्हणून दाखवलेला आकडा ही तिची न दिलेली मजुरी असल्याचे आढळून येईल. वडीची किंमत ठरवताना ती मजुरी प्रथम धरावी, मगच किंमत सांगावी. आणि त्या किमतीला गिऱ्हाईक नसेल, तर साबण फक्त घरापुरता करावा.

१९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जे. सी. कुमारप्पांसारख्या कार्यकर्त्यांनी खेड्यातील कच्चा माल खेड्यातच कामी यावा हा विचार हिरिरीने मांडला होता. पुढे १९५७ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज, मोह यांसारख्या तेलांपासून साबण करण्यास उत्तेजन दिले. खाण्याचे तेल साबणात जाऊ नये आणि जंगलात कुजणारे बी उपयोगी पडावे, हा त्यामागील हेतू आजही रास्त आहे. करंजतेलाला वास असतो, रंग पिवळट येतो; तथापि कपड्यांच्या साबणाला ते पुरेसे आहे. ज्या मुलखात करंजाच्या बिया रस्त्यात पडून असतात, त्या मुलखाने निदान कपड्यांच्या साबणापुरता हा मार्ग चोखाळून पाहावा.

साबण खपू लागला की आणखी चार शेळ्या घ्याव्यात असा मोह होतो. तेथेच थांबावे. शेळ्यांची संख्या गिऱ्हाइकांवर ठरत नाही, ती पाल्यावर आणि माचीवरील जागेवर ठरते. फणसाच्या फांद्या ओरबाडून संपल्या, दाटीने रोग शिरला, म्हणजे साबणाने मिळवलेले सारे गोठा परत घेतो. छोटे शेत मोठ्या लाभाचे नसते. मात्र त्याची मर्यादा ओळखून चालणाऱ्याला ते उपाशी ठेवीत नाही. सहा शेळ्या नीट सांभाळाव्यात, वर्षाकाठी होतील तेवढ्याच वड्या कराव्यात, त्यात काय आहे ते स्वच्छ सांगावे आणि राबणाऱ्या हाताला त्याचे मोल द्यावे. एवढे ज्या घरी साधले, त्या घरचा साबण घेणाऱ्याने दोन पैसे अधिक मोजले, तरी ते वाया गेले असे होणार नाही.