उंदरांची साक्ष



मोबाइल फोनच्या लहरी आणि मेंदू या विषयावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशीच थांबले. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि खटल्यांच्या निमित्ताने. हा विषयही आमच्याकडे खटल्याच्या वाटेनेच आला.

चार वर्षांपूर्वी आमचा एक सभासद मेंदूतील गाठीने गेला. गोदामात माल उतरवून घेण्याचे त्याचे काम, आणि कंपनीने दिलेला फोन दिवसभर कानाला. दिवसकार्य झाल्यावर त्याची पत्नी कचेरीत आली. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते: मोबाइलमुळे उंदरांना मेंदूचा कर्करोग. ''भाऊ, आता मालकाला कोर्टात खेचाच,'' ती म्हणाली. आम्ही त्याच रात्री अर्जाचा मसुदा लिहावयास बसलो. परंतु जो साक्षीदार उभा करावयाचा, त्याची उलटतपासणी आधी आपणच घ्यावी, हा आमचा जुना शिरस्ता. म्हणून कॉलेजातील एका प्राध्यापकांना सोबत घेऊन तो अहवाल वाचून काढला.

अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाचा, २०१८ सालचा. खर्च सुमारे तीन कोटी डॉलर. जन्मापूर्वीपासून दोन वर्षांपर्यंत उंदरांना खास बांधलेल्या खोल्यांत ठेवले आणि रोज नऊ तासांहून अधिक काळ, दहा मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद, अशा रीतीने लहरी सोडल्या. शरीर किती ऊर्जा ओढून घेते त्याला शोषणदर म्हणतात. (शोषण हा शब्द आमच्या पिढीजात ओळखीचा, येथे मात्र त्याचा अर्थ निराळा.) मोठ्या जातीच्या उंदरांना हा दर किलोमागे दीड, तीन आणि सहा वॉट असा दिला. आपल्या देशात २०१२ पासून फोनची मर्यादा १.६ वॉट आहे; पण ती ज्या भागाशी फोन टेकतो तेथील एका ग्रॅम पेशींपुरती. उंदरांच्या सबंध अंगावर मारा होता.

निष्पन्न काय झाले? नरांच्या हृदयातील गाठींबद्दल अहवाल 'स्पष्ट पुरावा' म्हणतो. मेंदूतील गाठींबद्दल केवळ 'काही पुरावा'. लहरी न दिलेल्या नव्वद नरांत मेंदूची अशी गाठ एकालाही नव्हती. जीएसएम पद्धतीच्या लहरींच्या तीन गटांत, प्रत्येकी नव्वदांत, अनुक्रमे तीन, तीन आणि दोन. विषाची मात्रा चौपट झाली आणि गाठी वाढल्या नाहीत, हे कोणत्याही वकिलाच्या ध्यानात येईल. त्याहून चमत्कारिक असे की, लहरी खाल्लेले नर अधिक जगले! न खाल्लेले मूत्रपिंडाच्या विकाराने लवकर मेले. जो अधिक जगतो त्याला गाठ होण्यास अवधीही अधिक मिळतो.

तेवढ्यावरून साक्षीदार खोटा ठरतो काय? नाही. त्याच वर्षी इटलीतील बोलोन्या येथील रामाझ्झिनी संस्थेने २,४४८ उंदरांवर, टॉवरच्या धर्तीवरील दुबळ्या लहरी देऊन प्रयोग प्रसिद्ध केला, आणि सर्वांत अधिक मात्रेच्या गटातील नरांत हृदयाच्या त्याच जातीच्या गाठी अधिक सापडल्या. ज्या रामाझ्झिनीचे नाव त्या संस्थेला आहे, त्याने तीनशे वर्षांपूर्वी वैद्यांना सांगितले होते की, रोग्याला त्याचा धंदा कोणता हेही विचारा. आमच्यासारख्यांचा तो आद्य पुरुषच.

उलट बाजूही ऐका. स्वीडनमधील लुंड येथे २००३ साली साल्फोर्ड आणि सहकाऱ्यांनी दोन तासांच्या लहरींनंतर उंदरांच्या मेंदूतील पेशी बिघडल्याचे दाखविले. फ्रान्स आणि जपानमध्ये पुन्हा पाहिले तेव्हा तसे आढळले नाही. आणि २०१० साली फ्लोरिडात स्मृतिभ्रंशाच्या उंदरांची स्मरणशक्ती लहरींनी सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणून कोणी आजोबांच्या कानाला फोन बांधीत नाही. माणसांविषयीच्या अभ्यासांचा जागतिक आरोग्य संघटनेने करविलेला आढावा २०२४ साली आला. त्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

हे सारे त्या बाईंना सांगणे आमच्या वाट्याला आले. ''वहिनी, या उंदरांच्या जोरावर दावा टिकणार नाही,'' आम्ही म्हणालो. त्या उठून उभ्या राहिल्या. ''भाऊ, तुम्हीसुद्धा मालकाचीच भाषा बोलू लागलात.'' तीस वर्षांच्या चळवळीत पुष्कळ शिव्या खाल्ल्या. ही सर्वांत लागली. कारण मालकाचा वकील नेमके हेच बोलला असता. फरक एवढाच की, तो तेवढे बोलून फाइल मिटवता.

आम्ही मिटविली नाही. त्याच्या हजेरीपटात अकरा महिन्यांचा ओव्हरटाइम न दिलेला सापडला, ग्रॅच्युइटीही अडविलेली होती, त्यांवर भांडलो. पुढील कराराच्या मागण्यांत गोदामातल्या माणसांना तारेचे इअरफोन द्यावेत हे कलम घातले. डोक्यापासून फोन वीतभर दूर गेला की मारा पुष्कळ उतरतो. ते मागावयास कर्करोग सिद्ध करण्याची गरज नाही. मालकाने कुरकुर न करता मान्य केलेले ते आमचे एकमेव कलम.

पैसे मिळाले. वहिनी पावतीवर सही करावयास आल्या, तेव्हा त्यांनी ते कात्रण परत मागितले. आम्ही ते फाइलीतून काढून त्यांच्या हाती दिले.