देणाऱ्यांच्या बैठकीत घेणाऱ्यांची जागा



१९३२ साली अस्पृश्यांसाठी एक संघ निघाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला. बाबासाहेब आरंभी मंडळावर होते. कामाची दिशा पटेना, बाहेर पडले. मंडळावर अस्पृश्य हवेत, अशी मागणी झाली. गांधीजींचे उत्तर : हे सवर्णांचे प्रायश्चित्त, चालवायचे त्यांनीच. म्हणजे निधी आमच्या नावाचा, अन् आम्ही नुसती ओंजळ धरायची!

आता विहाराच्या शिष्यवृत्तीचं बघा. धुणीभांडी करून पोरं शिकवणाऱ्या मायचं नाव यादीत असतं. यादी ठरते त्या बैठकीत ती कुठाय? आम्ही म्हणतो, यंदा समितीत दोन माता घ्या अन् पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!