काटकसर कोणाच्या ताटातून?

शिरूर-दौंडच्या जिरायत गावांना काटकसर शिकवावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर त्यांनी संसार चालविले. प्रश्न वेगळाच आहे. घरात काटकसर सुरू झाली की प्रथम गृहिणीच्या ताटातील भाकरी कमी होते. आणि मुलीचे लग्न निघाले की तोच कुटुंबप्रमुख कर्ज काढून मांडव घालतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून अल्पखर्ची विवाहाचा मार्ग दाखविला होता. म्हणून जमाखर्चाची वही घरातील सर्वांसमोर उघडा. तीत पत्नीची मजुरीही लिहा, आपली तंबाखूही. मात्र आपल्या साधेपणाकडे बोट दाखवून कोणी मजुरी कापू पाहील, तर त्यास शोषणच म्हटले पाहिजे, आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे.